बीसीएची वाट हातकणंगल्यातून: कोर्स चांगला आहे, पण आपली मुलं दारातच का अडकतात?

बारावीचा निकाल लागला की हातकणंगले, पेठवडगाव, हुपरी, रुकडी, कुंभोज या पट्ट्यातल्या घराघरांत एकच विषय सुरू होतो. पोराला पुढे कुठं घालायचं? पोरीला घालायचं की नाही? गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत एकाच दिशेला जाताना दिसतं, ते म्हणजे "कॉम्प्युटरचं काहीतरी". इंजिनिअरिंग झेपत नाही, मेडिकल परवडत नाही, नुसतं बी.ए., बी.कॉम. करून काय होणार अशी भीती. मग बीसीए.

यात चुकीचं काही नाही. बीसीएत डेटाबेस शिकवतात, प्रोग्रामिंग शिकवतात, सॉफ्टवेअरचा प्रकल्प कसा आखायचा आणि वेळेत कसा पूर्ण करायचा हेही शिकवतात. तीन वर्षांत हाताला काम देणारं हे शिक्षण आहे. पण आपल्या समाजातली किती मुलं या कोर्सपर्यंत योग्य वाटेनं पोहोचतात, किती जण जास्त पैसे मोजून मागच्या दारानं जातात आणि किती जण फॉर्मची तारीख चुकल्यामुळे वर्षभर घरी बसतात, हा खरा प्रश्न आहे. या लेखात त्याचाच हिशोब मांडायचा आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात, म्हणजे आयशे अहवालात, २०१९-२० साली देशभरात साधारण २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. २०२०-२१ मध्ये ही संख्या १९.२१ लाखांवर आली. एका वर्षात जवळपास १ लाख ७९ हजारांची घट. त्या वर्षी देशातली एकूण विद्यार्थिसंख्या वाढली होती आणि दलित, आदिवासी, ओबीसी या सगळ्यांची संख्याही वाढली होती. कोरोनाचं वर्ष सगळ्यांसाठी सारखंच होतं, पण फटका आपल्याला जास्त बसला. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत मुस्लिम १४.२ टक्के आहेत आणि त्या अहवालात उच्च शिक्षणातला वाटा ४.६ टक्के होता. पुढच्या वर्षी संख्या पुन्हा सावरली, तरी लोकसंख्या आणि कॉलेज यांच्यातली ही दरी कायम आहे.

त्याच काळात केंद्राच्या मदतीचे काही नळही बंद झाले. २०२२-२३ पासून अल्पसंख्याकांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती फक्त नववी-दहावीपुरती राहिली. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप त्याच वर्षी थांबवली गेली. मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन बंद करण्याचा आदेश २०२४ मध्ये निघाला. राज्यात २०१४ साली शिक्षण आणि नोकरीत मुस्लिमांसाठी ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला होता. मुंबई उच्च न्यायालयानं नोकरीतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातलं आरक्षण तेव्हा चालू ठेवलं होतं. तरीही पुढं त्याचा कायदा झाला नाही आणि अध्यादेश संपला. त्याबद्दलचा राजकीय लढा चालू राहील, राहायलाही हवा. पण आज बारावी झालेल्या मुलाला आज उपलब्ध असलेल्या दारातूनच आत जावं लागणार आहे. म्हणून ती दारं नीट बघूया.

२०२४ पासून नियम बदलले

पूर्वी बीसीएला प्रवेश म्हणजे कॉलेजात जायचं, मार्कशीट दाखवायची, फी भरायची, झालं. २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या म्हणजे एआयसीटीईच्या कक्षेत आले. महाराष्ट्रात त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची वेगळी प्रवेश परीक्षा सुरू झाली आणि गुणवत्ता यादीनुसार केंद्रीय पद्धतीनं प्रवेश, म्हणजे कॅप राऊंड, लागू झाले.

पहिल्याच वर्षी गोंधळ झाला. हजारो विद्यार्थ्यांना अशी परीक्षा असते हेच माहीत नव्हतं. जागा जास्त आणि परीक्षा दिलेली मुलं कमी, अशी वेळ आली आणि सरकारला त्याच वर्षी दुसऱ्यांदा अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. दुसरीकडे राज्यातल्या काही कॉलेजांनी परिषदेचे नियम नकोत म्हणून कोर्सचं नावच बदललं. कोर्स बाहेरून तसाच दिसतो, पण नाव वेगळं, नियम वेगळे आणि सवलतीही वेगळ्या.

या सगळ्यात आपल्या भागात एक समज पसरला की सीईटी म्हणजे नवीन कटकट. "त्यापेक्षा ओळखीच्या कॉलेजात डायरेक्ट ॲडमिशन घेऊ." इथंच घात होतो. कारण फीमधली मोठी सवलत नेमकी कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच मिळते. सीईटीची कटकट टाळणाऱ्या घराला तीन वर्षांची पूर्ण फी भरावी लागते. ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते, त्या घरासाठी हा फरक म्हणजे शिक्षण होणं आणि न होणं यातला फरक आहे.

परीक्षा तशी आटोक्यातली आहे. इंग्रजी, तर्कशक्ती, सामान्य ज्ञान आणि संगणकाची मूलभूत माहिती एवढंच विचारलं जातं. कला, वाणिज्य, विज्ञान, कुठल्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. इंग्रजीला सर्वात जास्त वजन आहे, त्यामुळे उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलांनी अकरावीपासूनच रोज अर्धा तास इंग्रजी वाचण्याची सवय लावली तर निम्मी लढाई तिथंच जिंकली जाते.

फी: कोणाला काय मिळतं?

राज्य सरकारनं जुलै २०२४ मध्ये मुलींसाठी मोठा निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक म्हणजे ईडब्ल्यूएस, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ही माफी निम्मी होती. पण अटी नीट वाचा. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश चालत नाही. अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं यातून वगळली आहेत. आणि माफी शिक्षण व परीक्षा शुल्काची आहे. बसभाडं, पुस्तकं, इतर आकार हा खर्च घरालाच करावा लागतो.

मुलांसाठी, म्हणजे मुलग्यांसाठी, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या कुटुंबांना यात निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. आपल्यातली शेख, सय्यद, पठाण, खान ही कुटुंबं बहुतेक खुल्या प्रवर्गात येतात, त्यांना ही योजना लागू पडू शकते. ईडब्ल्यूएसचा दाखलाही याच कुटुंबांनी काढायचा असतो. जे ओबीसीत आहेत त्यांना ईडब्ल्यूएस मिळत नाही आणि जे ओबीसीत नाहीत त्यांना नॉन-क्रिमिलेअरचा उपयोग नाही. हा घोळ दरवर्षी होतो आणि फॉर्म चुकीच्या प्रवर्गात भरला जातो.

महाडीबीटी पोर्टलवर उच्च शिक्षणासाठी राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही आहे. तिच्या जागा मर्यादित असतात, त्यामुळे लवकर अर्ज करणं महत्त्वाचं. त्याच शुल्कासाठी दोन योजनांचा लाभ घेता येत नाही, म्हणून कुठली फायद्याची आहे ते आधीच बसून ठरवा. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्जही आहे. ज्या घरांना व्याजाच्या व्यवहारात पडायचं नाही, त्यांनी तर शिष्यवृत्त्यांचे सगळे मार्ग आधी धुंडाळायलाच हवेत. आणि जिथं कमी पडेल तिथं मोहल्ल्याच्या बैतुलमालमधून मुलाच्या पहिल्या वर्षाच्या किरकोळ खर्चाला हातभार लागला, तर तो पैसा वाया जाणारा नाही.

दाखल्यांचा घोळ म्हणजे डेटाबेसचाच घोळ

आता मूळ अडचणीकडे येऊ. योजना आहेत, मग आपली मुलं अडकतात कुठं? कागदात.

महाराष्ट्रात बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी-नदाफ अशा अनेक मुस्लिम जाती ओबीसी यादीत आहेत. पण ओबीसीचा दाखला काढायचा आणि त्याची पडताळणी करून घ्यायची तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुना महसुली कागद. तिथं काय लिहिलेलं असतं? बऱ्याच ठिकाणी जातीच्या रकान्यात फक्त एक शब्द: मुसलमान.

त्या काळच्या मास्तरांनी वाईट हेतूनं लिहिलं असं नाही. वहीत रकाना एक होता, माहिती दोन होत्या, धर्म आणि जात. त्यांनी एकच लिहिली. डेटाबेसच्या पहिल्या काही तासांत विद्यार्थ्याला हाच नियम शिकवतात: एका रकान्यात एकच माहिती ठेवायची आणि दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे रकाने द्यायचे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी एका वहीत हा नियम मोडला आणि आज नातीला पडताळणी समितीपुढे कागदांची पिशवी घेऊन उभं राहावं लागतं.

दुसरा घोळ नावांचा. शाळेच्या दाखल्यावर 'शेख', आधारवर 'शैख', बँकेत वडिलांचं नाव आधी आणि आडनाव नंतर. आईचं नाव कुठं माहेरचं, कुठं सासरचं, कुठं 'बी' लावून तर कुठं 'बानू' लावून. आडनाव कुठं धंद्यावरून, कुठं गावावरून. घरात सगळ्यांना माहीत असतं की माणूस एकच आहे. पण कॉम्प्युटर अक्षरं जुळवतो. अक्षर जुळलं नाही तर त्याच्या लेखी माणूस वेगळा. महाडीबीटीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, त्यामुळे आधार, बँक आणि मार्कशीट या तिन्ही ठिकाणचं नाव एक नसेल तर मंजूर झालेली शिष्यवृत्तीही अडकून पडते.

मग जो मुलगा किंवा मुलगी हे शास्त्र शिकायला निघाली आहे, तिच्याच घरातले कागद या घोळात का असावेत? दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरताना नाव एकदा तपासलं, तर पुढची दहा वर्षं सुटतात. बोर्डाच्या सर्टिफिकेटवरचं नाव हा पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. उलटं करायला गेलात तर खर्चही जास्त, वेळही जास्त.

या दोन विषयांत नेमकं शिकवतात काय?

पालक विचारतात, "डेटाबेस म्हणजे काय ते तरी सांगा." आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ.

इचलकरंजीचा एखादा खर्चीवाला यंत्रमागधारक घ्या. त्याच्याकडं चार व्यापाऱ्यांचं काम चालतं. सायझिंगमधून बिमं येतात, मागावर चढतात, ताके निघतात, घडी घालून व्यापाऱ्याकडं जातात. कामगाराची मजुरी पिकावर ठरते. हे सगळं दोन-तीन वह्यांत लिहिलेलं असतं. व्यापाऱ्याचं नाव बिमाच्या वहीत, तेच ताक्याच्या वहीत, तेच बिलाच्या वहीत. कुणी एका वहीत 'पाटील टेक्स्टाईल' लिहिलं, दुसऱ्यानं 'पाटील कापड', आणि महिनाअखेरीला हिशोब लागत नाही.

डेटाबेस सांगतो की व्यापाऱ्याचं नाव एकाच तक्त्यात, एकदाच लिहा आणि त्याला एक क्रमांक द्या. बिमाच्या तक्त्यात, ताक्याच्या तक्त्यात फक्त तो क्रमांक टाका. मग कुठल्या व्यापाऱ्याचं किती सूत आलं, किती कापड गेलं, किती मजुरी येणं आहे, हे एका प्रश्नात बाहेर येतं. हा प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल. तक्ते आणि त्यांच्यातली नाती ही कल्पना एडगर कॉड या संशोधकानं १९७० साली आयबीएममध्ये असताना मांडली. पन्नास वर्षं उलटली तरी बँका, रेल्वे आरक्षण, सातबारा, हॉस्पिटल सगळं आजही बहुतांशी याच पायावर चालतं. म्हणून हा विषय शिकलेला माणूस लवकर जुना होत नाही.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणजे काय? मशिदीचं किंवा घराचं बांधकाम केलेल्या कुणालाही हे कळेल. स्लॅब पडल्याशिवाय वरच्या भिंती होत नाहीत, पण स्लॅब वाळत असताना खिडक्यांची ऑर्डर देता येते. कुठलं काम थांबलं तर सगळं थांबतं आणि कुठलं काम आठवडाभर पुढं गेलं तरी चालतं, हे ओळखणं म्हणजे या विषयाचा गाभा. त्याला क्रिटिकल पाथ म्हणतात. ही पद्धत अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत आणि नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पात १९५० च्या दशकाच्या शेवटी आकाराला आली. सॉफ्टवेअर कंपनीत आज तिची रूपं बदलली आहेत, तरी प्रश्न तेच राहिलेत: काम किती, माणसं किती, वेळ किती, पैसा किती, आणि गिऱ्हाइकाला नेमकं हवंय काय?

शेजारच्या वारणेचा धडा

शेवटचा प्रश्न सर्वात अवघड असतो. त्याचं उत्तम उदाहरण आपल्या शेजारी, पन्हाळा तालुक्यात वारणानगरला घडलं. १९९८ मध्ये केंद्र सरकारच्या पुढाकारानं तिथं 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहाच्या भोवतालची कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली ७० गावं कॉम्प्युटरनं जोडायची होती. गावातल्या केंद्रावर शेतकऱ्याला बाजारभाव, पिकांची माहिती, सरकारी सेवा, सगळं मिळावं असं स्वप्न होतं. त्या काळात देश-विदेशात या प्रकल्पाचं नाव झालं.

प्रत्यक्षात काय झालं? गावातली केंद्रं मुख्यतः एका कामासाठी वापरली गेली: ऊसाची नोंद, तोडणीचा परवाना, किती टन ऊस गेला, किती खत उचललं. शेतकऱ्याला हवं होतं तेच त्यानं घेतलं. पण त्यासाठी कॉम्प्युटर सांभाळायचा खर्च, वीज, दुरुस्ती हे सगळं डोईजड होतं. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत कॉम्प्युटरऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरून तीच माहिती द्यायचा प्रयोग केला. आठ महिन्यांच्या त्या प्रयोगात दिसलं की बरंचसं काम स्वस्त फोनवर भागतं.

या गोष्टीत दोन्ही विषय आले. डेटाबेस उत्तम होता, ऊसाच्या नोंदी नीट होत्या, म्हणून तो टिकला. आखणीत मात्र गरजेपेक्षा साधन मोठं झालं. बीसीएला गेलेल्या आपल्या मुलानं शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पेनड्राईव्हवरून विकत आणण्याऐवजी अशा एखाद्या जवळच्या गरजेवर केला, तर मुलाखतीत बोलायला त्याच्याकडं स्वतःचं काहीतरी असेल. हुपरीच्या चांदी कारागिराला दिलेल्या कच्च्या चांदीचा आणि परत आलेल्या मालाचा हिशोब, शिरोलीच्या फाउंड्रीतल्या रिजेक्ट कास्टिंगची नोंद, मदरशाची हजेरी, कब्रस्तान कमिटीची वही, विषयांची कमतरता नाही.

नोकरीचं खरं चित्र

आता कटू भाग. "बीसीए केलं की पुण्यात आयटीत नोकरी" हे गणित आता तितकं सरळ राहिलेलं नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनं आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक जागा कमी करणार असल्याचं जाहीर केलं, आणि त्यात मधल्या व वरच्या फळीतले लोक जास्त होते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं साधा कोड झटक्यात लिहून देतात. म्हणजे नुसता कोड टाइप करणारा आणि नुसता 'मॅनेजर' म्हणवणारा, दोघंही धोक्यात आहेत. टिकेल तो, ज्याला माहितीची रचना कळते, चूक पकडता येते आणि गिऱ्हाइकाशी बोलून काम समजून घेता येतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, बीसीएकडं शेवटचा थांबा म्हणून बघू नका. पुढं एमसीए आता दोन वर्षांचं आहे आणि त्यालाही सीईटी आहे. दोन, पुण्या-बेंगळुरूइतकंच जवळच्या कामाकडंही बघा. शिरोली एमआयडीसी, कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत, इचलकरंजीची सूतगिरणी-सायझिंग, साखर कारखाने, दूध संघ, दवाखाने, सगळीकडं ईआरपी आणि डेटाचं काम आहे. सुरुवातीचा पगार पुण्यापेक्षा कमी असेल, पण घरभाडं वाचतं आणि मुलींच्या बाबतीत "लांब पाठवायचं कसं" हा घरातला वादही मिटतो.

आणखी एक इशारा. बारावीनंतर लगेच "पीएमपी सर्टिफिकेट कोर्स" म्हणून मोठी फी मागणारे क्लास जाहिराती करतात. पीएमपी ही अनुभवी माणसांची परीक्षा आहे. पदवीधराला सुद्धा त्यासाठी ३६ महिन्यांचा प्रकल्प नेतृत्वाचा अनुभव लागतो. नवख्यांसाठी त्याच संस्थेची कॅपम नावाची वेगळी परीक्षा आहे, आणि तिचीही बीसीएच्या पहिल्या वर्षी घाई नाही. डेटाबेससाठी तर मायएसक्यूएल, पोस्टग्रेस ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं मोफत आहेत. पैसा खर्च करायचाच असेल तर एका बऱ्या लॅपटॉपवर करा.

मुलींचा प्रश्न वेगळा मांडायला हवा

आयशेच्या आकडेवारीत मुस्लिम विद्यार्थ्यांत जवळपास निम्म्या मुली आहेत. म्हणजे मुली शिकायला तयार आहेत, आईबापही बरेचसे तयार आहेत. हातकणंगले हे मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरचं स्टेशन आहे, इचलकरंजी आणि कोल्हापूर दोन्ही रोज जाऊन-येऊन करता येतील एवढी जवळ आहेत. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. फी माफीचा निर्णय आहे. घराजवळ किंवा घरून करता येईल असं काम या क्षेत्रात आहे. मग मुलीचं नाव कॅपच्या फॉर्मवर नसण्याचं कारण आर्थिक राहत नाही, ते फक्त आपल्या निर्णयाचं राहतं. "पोराचं आधी बघू" असं म्हणताना हे लक्षात घ्या की आज सरकारची पूर्ण फी माफी पोरीला आहे, पोराला नाही. व्यवहार म्हणून पाहिलं तरी पोरीला घरी बसवणं महाग पडतं.

जमातीनं काय करावं?

राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभारण्यात पुढाकार घेतला. त्या वेळी गावाकडच्या मुलाला शिकायचं तर राहायला जागा नव्हती, म्हणून वसतिगृह ही त्या काळाची गरज होती. आज आपल्या तालुक्यातल्या मुलाची गरज वेगळी आहे. त्याला जागा मिळते, वाट सांगणारं कुणी मिळत नाही. ही मदत करायला इमारत लागत नाही, फंडही फारसा लागत नाही. एक खोली, एक कॉम्प्युटर, नेट आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी बसणारे दोन शिकलेले तरुण एवढं पुरे.

वर्षाचं वेळापत्रक साधारण असं ठेवता येईल:

जुलै ते सप्टेंबर: अकरावी-बारावीच्या सगळ्या मुलांची यादी करायची. आधार, बँक, शाळेचा दाखला यातली नावं जुळतात का ते तपासायचं. ज्यांची जात ओबीसी यादीत आहे त्यांच्या जुन्या नोंदींचा शोध याच काळात सुरू करायचा, कारण याला महिने लागतात.

ऑक्टोबर ते डिसेंबर: जातीचा दाखला, पडताळणीचा अर्ज, उत्पन्नाचा, अधिवासाचा दाखला. नॉन-क्रिमिलेअर की ईडब्ल्यूएस, याचा निर्णय.

डिसेंबरपासून पुढं: सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर रोज नजर. सीईटीचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आसपास किंवा त्याआधीच सुरू होतात. निकालाची वाट बघत बसलेला माणूस इथंच चुकतो. जुम्म्याच्या नमाजनंतर दोन मिनिटांची घोषणा झाली, तरी शंभर घरांपर्यंत तारीख पोहोचते.

निकालानंतर: कॅपची नोंदणी, कागद तपासणी, कॉलेजांचा पसंतीक्रम. कॉलेजात जाऊन तीन प्रश्न विचारायचे. कोर्सला एआयसीटीईची मान्यता आहे का? शिवाजी विद्यापीठाची संलग्नता आहे की दुसऱ्या कुणाची? आणि फीची सगळी फोड लेखी देता का? तिसऱ्या प्रश्नाला जे कॉलेज टाळाटाळ करेल, तिथं दुसऱ्यांदा विचार करायचा.

प्रवेशानंतर: महाडीबीटीचा अर्ज त्याच महिन्यात. आणि पुढच्या वर्षी त्याचं नूतनीकरण. दुसऱ्या वर्षी अर्ज करायचा विसरल्यानं शिष्यवृत्ती गेलेली मुलं प्रत्येक गावात सापडतील.

सरकारकडून हक्क मागणं एका बाजूला चालूच राहील. बार्टी, सारथीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' संस्थेला राज्य सरकारनं २०२४ मध्ये मंजुरी दिली, तिनं तालुक्यापर्यंत मार्गदर्शन पोहोचवावं अशी मागणी आपल्या आमदार-खासदारांकडं लावून धरायला हवी. जुन्या शालेय नोंदींत फक्त 'मुसलमान' लिहिलेल्या कुटुंबांसाठी जात पडताळणीची सोपी आणि ठराविक मुदतीची पद्धत हवी, हीही मागणी संघटनांनी एकत्र येऊन करण्यासारखी आहे.

पण हे होईपर्यंत या वर्षी बारावीला बसलेली मुलं थांबणार नाहीत, त्यांचं वर्ष पुढं जातच राहणार. म्हणून या आठवड्यात एवढं करा: घरातल्या बारावीच्या मुलाचा किंवा मुलीचा शाळेचा दाखला, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि तिन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर वाचून बघा. फरक दिसला तर दुरुस्तीच्या अर्जाला उद्याच लागा, निकालाची वाट बघू नका.